पाण्याचा करार भोपाळात झाला, ग्रामसभेला कोणी विचारलं?

(धारणी तालुक्यातील गावबैठकीत झालेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज मला पाण्यावर बोलायला सांगितलं आहे. काही जण म्हणतील, आपली संघटना जमिनीची, हा पाणी कायले घेऊन बसला? पट्टे अडकले आहेत, सामूहिक दावे उपविभागीय समितीत पडून आहेत, त्यावर बोल. पण जमिनीच्या दाव्यातच पाणी आहे. ते कसं, ते पुढे येईलच. आधी कराराचं ऐका, कारण तो आपल्या उशाशी झाला आहे.

१० मे २०२५ रोजी भोपाळात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी एका करारावर सह्या केल्या. त्याचं नाव 'तापी बेसिन मेगा रिचार्ज प्रकल्प'. दोन राज्यांचं जे आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे, त्याच्या बैठकीत हे झालं. तापीवर खारिया गुटीघाट इथे बंधारा बांधायचा. ही जागा खंडव्याचा खालवा तालुका आणि आपला मेळघाट यांच्या शिवेवर. साठा ८.३१ टीएमसी. तिथून दोन्ही काठांनी सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं लांबच लांब कालवे काढायचे, वाटेत बोगदेही आहेत. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, वाळूचा एक पट्टा आहे, त्याला भूगर्भवाले बझाडा म्हणतात. तो पाणी पितो. त्यात पावसाळ्याचं पाणी सोडून जमिनीत मुरवायचं, म्हणजे बऱ्हाणपूर आणि जळगावकडच्या केळीपट्ट्यातल्या खोल गेलेल्या विहिरी वर येतील. बुलडाणा, अकोला, अमरावतीलाही लाभ होईल असं सांगतात. सगळं मिळून ३१.१३ टीएमसी पाणी. मध्य प्रदेशला ११.७६, उरलेलं महाराष्ट्राला.

टीएमसी हा शब्द रेडिओवर ऐकतो आणि सोडून देतो. आज सोडू नका. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८०० कोटी लिटर. आता आपला हिशोब मांडू. सरकारच नळयोजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतं. २०११ च्या जनगणनेत धारणी आणि चिखलदरा मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं. तीन लाखाला ५५ नं गुणा, ३६५ नं गुणा. वर्षाचे सुमारे ६०० कोटी लिटर. म्हणजे पाव टीएमसीसुद्धा नाही! पूर्ण मेळघाटच्या पिण्याचं पाणी पाव टीएमसीच्या आत बसतं, आणि वाटणी ३१ टीएमसीची चालली आहे. त्या ३१ मध्ये आपलं पाव टीएमसी कुठे लिहिलं आहे, हा पहिला प्रश्न आपण विचारायचा आहे.

हे पाणी येतं कुठून, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तापी मुलताईला निघते, पण तिला भरतात आपल्या नद्या. सिपना, गडगा, खापरा, सगळ्या उत्तरेला उतरून तापीत जातात. सिपना म्हणजे तर सागच, नदीलाही आपल्या भाषेनं जंगलाचं नाव दिलं. आणि डोंगराची दक्षिणेकडची उतरण घ्या. चंद्रभागा, शहानूर, वान खाली पूर्णेला मिळतात, आणि पूर्णाही पुढे चांगदेवला तापीतच जाते. शहानूरचं धरण बांधलं, त्यावर अंजनगाव-दर्यापूरकडची पुष्कळ गावं पाणी पितात. वानचं धरण वारी भैरवगडला आहे, त्यावर अकोट-तेल्हाऱ्याची गावं पितात. आपण डोंगराच्या माथ्यावर राहतो, पाऊस आपल्या डोक्यावर पडतो. चिखलदऱ्याला वऱ्हाडात सगळ्यात जास्त पाऊस. अन् उन्हाळ्यात टँकरही चिखलदरा तालुक्यातच. मार्च लागला की बाया नाल्यात झिरा खोदून वाटीवाटीनं गुंडी भरतात. खाली काळा दगड आहे, पाणी थांबत नाही, वाहून जातं, हे शास्त्र खरं. पण थांबवायची कामं ज्यांनी करायची त्यांनी ती किती केली, हेही तुम्हाला माहीत आहे. गावात नळाच्या तोट्या लागल्या आहेत. तोटीला पाणी पुरवणारी विहीर एप्रिलात कोरडी. पोट्टे त्या तोट्यांना सायकली टेकवतात.

बरं, आता म्हणतात की या नव्या प्रकल्पात एकही गाव उठणार नाही. याआधी खारिया गुटीघाटलाच मोठ्या धरणाचा विचार होता. ६६ टीएमसीच्या आसपासचा साठा. त्यात १७ हजार हेक्टरहून जास्त जमीन आणि ७३ गावं बुडणार होती, हे सरकारनं स्वतः सांगितलं आहे. ते मोठं धरण सोडून हा लहान बंधारा आणि कालव्यांचा प्रकल्प आणला. ही गोष्ट चांगली झाली, मी ती नाकारत नाही. बुडीत कमी होत असेल तर त्याला कोण वाईट म्हणेल? पण ऐका. गाव उठत नाही, एवढ्यानं काही होत नाही असं नाही. ८.३१ टीएमसी पाणी थांबतं तेव्हा ते कुठल्या तरी जागेवर थांबतं. तिथे आज कोणाची नदीकाठची वाडी आहे, कोणाचा डोह आहे, कोणाचं मसण आहे. कालवा जंगलातून गेला तर ढोरांची वाट तुटते, मोह वेचायची वाट तुटते. बोगदा डोंगरातून गेला तर वरचा झरा राहील की आटेल? मला माहीत नाही म्हणून विचारतो असं कोणी समजू नये. हा प्रश्न ज्यांनी नकाशे काढले त्यांना विचारायचा आहे. उत्तर मराठीत आणि कोरकूत मिळालं पाहिजे, आणि नकाशा गावात आला पाहिजे.

दोन राज्यं भांडत नाहीत, एकत्र बसतात, याला सहकार्य म्हणतात. सहकार्य हा शब्द फार गोड. याचा जन्म भोपाळातला नाही, त्याच्या मागे जगाची एक लांबलचक गोष्ट आहे. थोडी सांगतो, कारण आपल्याला उद्या हीच भाषा ऐकावी लागणार आहे.

१९९२ च्या जानेवारीत आयर्लंड देशात डब्लिन इथे पाण्यावर जगाची परिषद झाली. तिथे चार तत्त्वं ठरली. गोडं पाणी मर्यादित आहे, ते जपलं पाहिजे, हे एक. पाण्याचा कारभार वापरणाऱ्या लोकांच्या सहभागानं, शक्य तितक्या खालच्या पातळीवर व्हावा, हे दुसरं. पाणी आणण्यात आणि जपण्यात बाईचं स्थान मध्यवर्ती, हे तिसरं. चौथं, पाण्याला आर्थिक मूल्य आहे. यातूनच 'एकात्मिक जलसंपत्ती व्यवस्थापन' असं लांब नाव आलं. अर्थ एवढाच की नदी, विहीर, जंगल, शेत, शहर, कारखाना, सगळ्याचं पाणी एकत्र धरून खोऱ्याखोऱ्यानं विचार करायचा. हे तर आपल्या म्हाताऱ्यांनाही पटेल. नाला वरून तोडला तर खाली डोह आटतो, हे कोणाला शिकवायचं आहे?

पण चार तत्त्वांतलं चौथं लवकर धावलं आणि दुसरं-तिसरं मागे राहिलं. आपल्याच जिल्ह्यात बघा. महाराष्ट्रानं २००३ साली राज्य जलनीती केली. त्यात पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा नंबर उद्योगाला दिला, शेतीला त्याच्या मागे. २००५ साली जागतिक बँकेनं महाराष्ट्राला पाणीक्षेत्र सुधारण्यासाठी ३२.५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्याच वर्षी दोन कायदे आले. एकानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणलं, दुसऱ्यानं कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आणल्या. सहभाग आला, पण कोणाचा? ज्याच्या शेताला कालव्याचं पाणी मिळतं त्याचा. लाभक्षेत्राला मत मिळालं. पाणलोटाला, म्हणजे ज्या डोंगरावरून ते पाणी येतं तिथल्या माणसाला, त्या कायद्यात खुर्चीच ठेवली नाही. माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे.

आणि लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला तरी काय मिळालं? मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे. बांधलं शेतीसाठी. त्यातलं वर्षाला ८ कोटी ७६ लाख घनमीटर, म्हणजे तीन टीएमसीच्या वर पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याचं मंत्र्यांच्या समितीनं ठरवलं. अमरावतीचे शेतकरी रस्त्यावर आले, तक्रारी झाल्या. नवं प्राधिकरण असताना हे मंत्र्यांनी कसं ठरवलं, असा सवाल उभा राहिला. तेव्हा २०११ साली कायदाच दुरुस्त केला, आणि असे जुने निर्णय पक्के करून टाकले. त्याच वर्षी जलनीतीत शेतीचा नंबर पुन्हा दुसरा केला. कागदावर शेती वर आली, पाणी मात्र जिथे गेलं तिथे गेलं.

इथे एक खबरदारी. परदेशी पैसा म्हणजे सगळा वाईट, असं सोपं करून घेऊ नका. २०१८ पासून जागतिक बँकेच्याच ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून पोकरा नावाची योजना चालली, सुमारे पाच हजार गावांत. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टाही आहे. शेततळी झाली, ठिबक आलं. ज्यानं अकोट-दर्यापूरकडे मजुरी केली आहे त्याला ते पाणी आठवत असेल. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की खारट, त्यात डाळ शिजत नाही. तिथला माणूस आपला वैरी नाही. त्याला गोडं पाणी आपल्या डोंगरातूनच मिळणार आहे आणि ते मिळालं पाहिजे. आपलेच कितीतरी भाऊबंद वाघाच्या नावानं डोंगरातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे नेले आहेत, तेही आता खालचंच पाणी पितात. वानच्या पाण्यासाठी तेल्हारा आणि बाळापूर या दोन तालुक्यांत केवढी ओढाताण झाली, तीही तुम्ही ऐकली असेल. खालचे खालच्यांशी भांडतात, वरच्याचं नाव कोणीच घेत नाही.

(इथे एका बाईनं विचारलं : जगाची बँक एवढी मोठी, तिच्यापुढे आपलं गाव काय करणार?)

बाई, चांगलं विचारलंस. सातपुड्याच्याच दुसऱ्या टोकाला, नंदुरबारकडे, नर्मदेच्या काठी मणिबेली नावाचं आदिवासी गाव आहे. सरदार सरोवरात बुडणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. त्या धरणाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. लोकांनी गाव सोडलं नाही, लाठ्या खाल्ल्या. शेवटी बँकेला स्वतंत्र चौकशी समिती नेमावी लागली. १९९२ साली त्या समितीनं लिहून दिलं की पुनर्वसन नीट होऊच शकत नाही, बँकेनं मागे सरावं. १९९३ साली भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हटलं. धरण तरी झालंच, हे मी लपवत नाही. पण गाव बोललं तर वॉशिंग्टनपर्यंत ऐकू जातं, एवढं तर दिसलं. दुसरं, दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देश आहे, तिथे पुष्कळ लोक आपल्यासारखे आदिवासी. कोचाबांबा शहराचं पाणी कंपनीला दिलं, दर भरमसाठ वाढले. २००० साली शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक एकत्र आले आणि सरकारला तो करार रद्द करावा लागला. त्याच बोलिव्हियानं पुढे संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला, आणि २८ जुलै २०१० रोजी पिण्याचं स्वच्छ पाणी हा माणसाचा हक्क आहे असं जगानं मान्य केलं. भारतानं बाजूनं मत दिलं.

त्याआधी १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या मूळनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा केला. त्याचं ३२ वं कलम सांगतं की त्यांच्या जमिनीवर, पाण्यावर परिणाम करणारा प्रकल्प मंजूर करण्याआधी त्यांची मोकळी, आगाऊ आणि सगळी माहिती देऊन घेतलेली संमती मिळवण्यासाठी सरकारनं त्यांच्याशी बोललं पाहिजे. भारतानं तिथेही होय म्हटलं. आता आपलं सरकार म्हणतं, या देशात सगळेच मूळनिवासी. म्हणून या जाहीरनाम्यावर कोर्टात जाऊन पट्टा मिळणार नाही. पण निवेदनात लिहायला तो चांगला आहे. साहेबांना कळतं की गाव वाचतं.

आपल्या हातातला खरा कागद देशातलाच आहे. २००६ चा वनहक्क कायदा. कलम ३(१)(झ), इंग्रजीत 'आय', म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करण्याचा हक्क. तो आपण पाठ केला आहे. पण त्याच्या आधी 'डी' आहे, त्यात पाणवठ्यातली मासोळी आणि पाण्यातून मिळणाऱ्या वस्तूंचा हक्क येतो. आणि कलम ५ कोण वाचतं? त्यात ग्रामसभेला अधिकार दिला आहे की आजूबाजूचे पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित राहतील हे तिनं पाहावं. मोठ्या शब्दांत जे डब्लिनला म्हटलं, ते इथे ग्रामसभेच्या नावावर कायद्यात लिहून ठेवलं आहे. कलम ३(२) म्हणतं की गावासाठी लहान तळं, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, पाणी अडवायचं काम, लहान कालवा, यासाठी एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी ७५ झाडांच्या आत वनजमीन देता येते, पण ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे गावाला स्वतःचं तळं हवं असेल तर वाट आहे. खारिया गुटीघाटसारखा प्रकल्प या कलमात बसत नाही, त्याला वेगळी, मोठी परवानगी लागते.

शिवाय धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा इथे लागू आहे, त्यात लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे दिलं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ म्हणतं की अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायची तर आधी ग्रामसभेची संमती घ्या. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणून धारणी-चिखलदऱ्यातून उठून जो खाली अकोट-तेल्हाऱ्याला जातो, त्याच्या अंगावरून पेसाची चादर निघते. पुनर्वसनाच्या कागदावर अंगठा देताना हे कोणी सांगत नाही. वनहक्क कायदा मात्र तिथेही चालतो, हे तिकडच्या भावांना सांगा.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या. खाण आली नाही. आपल्याला आज नाहीच म्हणायचं आहे असं मी सांगत नाही. काही गावं म्हणतील, आम्हाला पाणी द्या आणि बांधा. म्हणू द्या. पण विचारलं तर पाहिजे!

आता दावा आणि पाणी. नियमांत १३ वा नियम पुराव्याचा आहे. सामूहिक हक्काला कोणता पुरावा चालतो त्याच्या यादीत चराई, कंदमुळं, मासेमारीच्या जागा आहेत, आणि स्पष्ट लिहिलं आहे : माणसांच्या किंवा ढोरांच्या वापराचे पाण्याचे स्रोत. म्हणजे तुमचा झरा हा तुमचा साक्षीदार आहे. अन् आपले बहुतेक दावे मी पाहिले, नकाशात हद्द आहे, देवाचं झाड आहे, पाणी नाही. एखाद्या ठिकाणी 'नाला' एवढा एक शब्द. नालाच, पण कोणता? त्याला नाव नाही काय?

परतवाड्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी पायविहीर आहे. २०१२ साली त्या गावाला १९० हेक्टरांच्या वर सामूहिक वनहक्क मिळाला. जमीन उजाड होती. रोजगार हमीतून लोकांनी चर खोदले, झाडं लावली, राखण केली, सीताफळ विकायला लागले. २०१४ साली जैवविविधतेचा पुरस्कार मिळाला, तो देणाऱ्यांत संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था होती. आंतरराष्ट्रीय सहकार्य असंही असतं बघा, गाव आधी काम करतं आणि जग मागून येतं. शेजारच्या उपातखेड्यानं, नयाखेड्यानंही तेच केलं. तिथे जाऊन या, एसटीनं जाता येतं.

तर पुढच्या अमावस्येआधी करायचं काम सांगतो. प्रत्येक गावानं पाण्याची फेरी काढायची. वनहक्क समिती तर येईलच, पण पुढे बाया असाव्यात, कारण मे महिन्यात पाणी कुठे सापडतं हे त्यांनाच ठाऊक. एक-दोन सयाणे सोबत घ्या. झरा, झिरा, डोह, जुनी विहीर, ढोरांचा पाणवठा, पूर्वी होता आणि आता आटला तोही, सगळं लिहा. नाव कोरकूत जसं म्हणतात तसंच लिहा, त्याचं मराठी करू नका. कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहतं, कोणती गावं वापरतात, ते लिहा. एकच झरा दोन गावांचा असेल तर दोन्ही गावांनी एकत्र बसून लिहा, आताच, साहेब यायच्या आधी. म्हाताऱ्याचं बयान घ्या, सही किंवा अंगठा घ्या. ज्यांचा क नमुन्याचा दावा अजून गेला नाही त्यांनी हे त्याला जोडायचं. ज्यांचा गेला आहे त्यांनी ग्रामसभेत ठराव करून पुरवणी म्हणून द्यायचं आणि पोच घ्यायची. पोचेशिवाय कागद देऊ नका, हे किती वेळा सांगायचं!

ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. कमी भरले तर सभा पुन्हा घ्या, खोट्या सह्या नकोत. एकाच ठरावात दोन मागण्या ठेवा. तापी प्रकल्पाचा आपल्या तालुक्यातला नकाशा, म्हणजे बंधाऱ्याची पातळी, कालव्याची रेषा आणि लागणारी वनजमीन, मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा. आणि त्या ३१ टीएमसीच्या वाटणीत मेळघाटच्या गावांचं पिण्याचं पाणी आधी लिहावं. ठरावाची एक प्रत तहसीलदाराला, एक जिल्हाधिकाऱ्याला, एक प्रकल्प अधिकाऱ्याला, आणि एक आपल्या कार्यालयात. नदीच्या पलीकडे खालव्यातही कोरकूच राहतात, त्यांच्या आपल्या सोयरिकी आहेत. लग्नाला जाल तेव्हा हा कागद सोबत न्या. हिंदीतली प्रत आपण काढून देऊ, शंभरेक आज तयार आहेत. जाताना बाजेवरून घ्या.